रोज महामार्गावरून मोटारसायकल चालवताना पायांसाठी काय घ्यावे?

प्रश्न : मी सातारा शहरात राहते आणि नोकरीसाठी रोज १५० सीसीच्या मोटारसायकलने महामार्गावरून उंब्रजला जाऊन-येऊन करते. सुट्टीच्या दिवशी कधी कास, कधी ठोसेघर असाही फेरफटका होतो. हेल्मेट, जॅकेट आणि हातमोजे मी न चुकता घालते, पण पायांत मात्र नेहमीची जीन्स किंवा लेगिंगच असते. गेल्या महिन्यात माझी एक सहकारी सर्व्हिस रोडच्या वळणावर खडीवरून घसरली. वेग अगदी कमी होता, तरीही जीन्स फाटून तिचा गुडघा वाईट सोलपटला आणि वाटीलाही मार बसला. तेव्हापासून मी चांगली पँट शोधते आहे. दुकानदार म्हणतो, जीन्सवरून बांधायचे नीगार्ड पुरेसे आहेत. मित्र रायडिंग जीन्स सुचवतात. ऑनलाइन पाहावे तर जाळीच्या पँट्स दिसतात आणि प्रत्येकीवर ‘सीई’ असे लिहिलेले असते. मी आठ हजारांपर्यंत खर्च करू शकते. अडचण अशी, की बहुतेक पँट्स पुरुषांच्या मापाच्या असतात. गाडीला लेग गार्ड असताना हा खर्च कशाला, असे आईचे म्हणणे आहे. रविवारी आईच साडी नेसून माझ्या मागे बसते. मी काय घ्यावे?

उत्तर : निष्कर्ष आधी सांगतो आणि मग त्यामागची कारणे देतो. रोजच्या प्रवासासाठी तुम्ही जाळीदार कापडी रायडिंग पँट घ्यावी. ती लेगिंगवरून चढवता येईल आणि कामाच्या ठिकाणी पोचल्यावर चटकन उतरवता येईल अशी असावी. तिच्या गुडघ्यांत आणि खुब्यांत प्रमाणित आर्मर, म्हणजे आघात शोषणारे संरक्षक पॅड, असावे, आणि तुम्ही गाडीवर बसलेल्या असताना गुडघ्याचे आर्मर वाटीवरून सरकू नये. यांतली शेवटची अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. महागडे आर्मर पडताना फिरून गुडघ्याच्या बाजूला गेले, तर ते असून नसल्यासारखेच. याउलट मध्यम प्रतीचे आर्मर जागच्या जागी राहिले, तर ते आपले काम चोख करते. कापड, कंपनी, किंमत, रंग या सगळ्यांचा विचार त्यानंतर करावा.

तुमच्या सहकारी कमी वेगात पडूनही त्यांना एवढे लागले, याचे तुम्हाला आश्चर्य वाटलेले दिसते. गाडीवरून पडताना पायांना दोन वेगवेगळ्या गोष्टी भोगाव्या लागतात आणि त्या दोन्हींचे नियम निराळे आहेत. पहिली गोष्ट म्हणजे आपटणे. घसरून पडताना गुडघा जमिनीवर आदळतो त्याचा जोर गाडी किती वेगात होती यापेक्षा शरीर किती उंचीवरून खाली आले यावर अधिक ठरतो, आणि ही उंची वीसच्या वेगातही तीच असते आणि साठच्या वेगातही. म्हणूनच गल्लीत तोल जाऊन पडलेल्या माणसाची गुडघ्याची वाटी फुटल्याचे आपण ऐकतो. दुसरी गोष्ट म्हणजे घासत जाणे, आणि इथे मात्र वेगच सगळे ठरवतो. डांबरावर घसरत जाणाऱ्या शरीराचा वेग घर्षणामुळे दर सेकंदाला साधारण ताशी २० ते २५ किलोमीटरने कमी होतो. म्हणजे ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी व्यक्ती पडली, तर थांबेपर्यंत अडीच-तीन सेकंद जातात आणि तेवढ्या वेळात ती वीस-पंचवीस मीटर घासत जाते. प्रयोगशाळेतल्या घर्षण-चाचणीत साधी डेनिम जीन्स जेमतेम सेकंदभर टिकते, पुष्कळदा तेवढीही नाही. उरलेला वेळ कातडी घासली जाते. नुसती सिंथेटिक लेगिंग तर याहून वाईट, कारण घर्षणाच्या उष्णतेने ते कापड वितळून जखमेला चिकटू शकते. म्हणून आजपासून, नवी पँट येईपर्यंतसुद्धा, नुसत्या लेगिंगवर महामार्गावर जाऊ नये अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आर्मर आपटण्यापासून वाचवते आणि कापड घासण्यापासून वाचवते. एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघत नाही. हे एकदा लक्षात घेतले की तुमच्यापुढचे तिन्ही पर्याय तपासणे सोपे जाते.

दुकानदाराचा सल्ला अर्धा बरोबर आहे. पट्ट्यांनी थेट पायावर बांधलेले चांगले नीगार्ड गुडघा आणि नडगी या दोन्हींना आपटण्यापासून उत्तम वाचवतात, आणि सैल पँटमधल्या आर्मरपेक्षा ते जागेवर अधिक पक्के राहतात. पण मांडीची बाहेरची बाजू, खुबा आणि बैठकीचा भाग यांवर साधी जीन्सच उरते, आणि बाजूवर पडल्यावर आधी घासला जातो तो नेमका हाच भाग. शिवाय तीस-पस्तीस किलोमीटरच्या प्रवासात गुडघ्यामागची पट्टी काचते. मग ती सैल केली जाते, आणि सैल केलेला गार्ड घामाने हळूहळू नडगीवर उतरतो. पँट घेईपर्यंतची तात्पुरती सोय म्हणून मी नीगार्डांचे स्वागत करीन. कायमचा उपाय म्हणून मात्र ते अपुरे आहेत.

रायडिंग जीन्सबाबत तुमच्या मित्रांचे म्हणणे मोडीत काढण्यासारखे मुळीच नाही. या जीन्स दोन प्रकारच्या असतात. एका प्रकारात बाहेर साधे डेनिम असते आणि आतून गुडघे व बैठकीच्या भागाला केवलारसारख्या अरामिड धाग्याचे, बहुधा पिवळसर दिसणारे अस्तर लावलेले असते. दुसऱ्या प्रकारात डेनिमच्या विणीतच अतिशय चिवट पॉलिएथिलीनचे धागे गुंफलेले असतात. हा प्रकार हलका आणि बराच महाग असतो. पहिल्या प्रकारची जीन्स घेताना ती दुकानातच उलटी करून अस्तर कुठपर्यंत आले आहे ते पाहावे. कित्येक जीन्समध्ये ते गुडघ्यापुरते तळहाताएवढे असते आणि खुब्याच्या बाजूला अजिबात नसते. असे असेल तर ती जीन्स ठेवून द्यावी. चांगली रायडिंग जीन्स दिवसभर अंगावर ठेवता येते, चारचौघांत वेगळी दिसत नाही, आणि ज्यांच्या कामाच्या ठिकाणी कपडे बदलायला आडोसा नाही त्यांना मी तीच सुचवतो. तुमच्यासाठी मात्र दोन गोष्टी तिच्या विरोधात जातात. एप्रिल-मेमध्ये जाड डेनिम आणि आतले अस्तर मिळून असह्य उकडते. आणि साताऱ्याच्या जुलै-ऑगस्टमध्ये एकदा भिजलेले डेनिम दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत वाळत नाही. मग दोन दिवस साधी पँट घातली जाते, आणि दोनाचे चार व्हायला वेळ लागत नाही. घरी दोरीवर वाळत पडलेली पँट कितीही भक्कम असली तरी तिचा उपयोग शून्य आहे.

चामड्याची पँट घासण्याला सर्वांत चिवट, हे खरे. पण पावसात आणि उन्हाळ्यात रोज वापरायला ती गैरसोयीची आहे आणि तुमच्या खर्चाच्या मर्यादेतही बसत नाही.

राहिली जाळीदार कापडी पँट. ‘जाळी’ म्हटले की ती नाजूकच असणार असे वाटते, आणि काही पँट्सच्या बाबतीत ते खरेही आहे. जाळी आहे की नाही यापेक्षा ती कुठे आहे, हे पाहावे. मांडीची पुढची बाजू आणि आतली बाजू यांवर जाळी असावी. तिथूनच वारा आत येतो आणि घसरताना तो भाग तुलनेने कमी घासला जातो. गुडघे, खुब्याच्या बाहेरच्या बाजू आणि बैठक यांवर मात्र कॉर्ड्युरासारखे जाड, घट्ट विणीचे नायलॉन हवे. पँट उजेडासमोर धरून पाहावी. खुब्याच्या बाजूने पलीकडचे दिसत असेल तर ती घेऊ नये. नंतर शिवण पाहावी, कारण पडल्यावर कापड टिकते आणि शिवण उसवते असे अनेकदा होते. मांडीच्या बाहेरच्या बाजूची मुख्य शिवण किमान दुहेरी असावी, आणि दोन्ही हातांनी कापड ताणल्यावर टाक्यांमधून फट दिसू नये. ऑस्ट्रेलियात अपघात झालेल्या २१२ दुचाकीचालकांच्या कपड्यांचा आणि जखमांचा एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. आर्मर बसवलेल्या रायडिंग पँट घातलेल्यांच्या पायांना इजा होण्याचे प्रमाण त्यात लक्षणीयरीत्या कमी आढळले; पण त्याच अभ्यासात चतुर्थांशाहून अधिक रायडिंग पँट्स अपघातात फाटल्या किंवा उसवल्या, असेही दिसून आले. खास दुचाकीसाठी म्हणून विकलेली प्रत्येक पँट विश्वासार्ह नसते, हे यावरून ध्यानात यावे.

आता ‘सीई’बद्दल, म्हणजे वस्तू युरोपीय मानकांनुसार असल्याच्या खुणेबद्दल, कारण इथे ग्राहकांची सर्वाधिक फसगत होते. हेल्मेटवर आयएसआयची खूण असणे आपल्याकडे सक्तीचे आहे. रायडिंग पँटसाठी तशी कोणतीही सक्तीची भारतीय खूण नाही. त्यामुळे बाजारात युरोपीय मानकांचा आधार घेतला जातो, आणि ही मानके दोन आहेत. ईएन १६२१-१ हे मानक फक्त गुडघा, खुबा, कोपर, खांदा यांच्या आर्मरसाठी आहे. ईएन १७०९२ हे मानक सबंध कपड्यासाठी आहे. त्यात कापड किती घासले जाऊ शकते, किती सहज फाटते आणि शिवण किती ताण सोसते हे तपासले जाते. आपल्याकडच्या अनेक स्वस्त पँट्सवर ‘सीई’ ठळक लिहिलेले असते तेव्हा त्याचा अर्थ एवढाच असतो, की आतले आर्मर पहिल्या मानकाप्रमाणे तपासलेले आहे. पँटचे कापड कोणी तपासलेलेच नसते. विक्रेत्याला ‘प्रमाणपत्र आर्मरचे आहे की पूर्ण पँटचे?’ असा थेट प्रश्न विचारावा. पँट प्रमाणित असेल तर तिच्या आत शिवलेल्या पट्टीवर मोटारसायकलस्वाराचे छोटे चित्र, ईएन १७०९२ हा क्रमांक आणि ए, डबल ए किंवा ट्रिपल ए यांपैकी एक श्रेणी छापलेली असते. अशी पट्टी नसेल तर जाहिरातीतल्या शब्दांना किंमत देऊ नये.

या श्रेण्यांपैकी ट्रिपल ए सर्वांत कडक आहे, ती शर्यतीच्या चामडी पोशाखांत आणि मोजक्या कापडांत आढळते. डबल ए महामार्गावरच्या नियमित प्रवासासाठी उत्तम. ए ही श्रेणी शहरी वापरासाठी आणि उष्ण हवामानासाठी योग्य मानली जाते आणि बहुतेक प्रमाणित जाळीदार पँट्स याच श्रेणीत बसतात. तुमचा रस्ता महामार्गाचा असल्याने डबल ए मिळाली तर फारच चांगले. पण आठ हजारांत आणि आपल्या उन्हात ए श्रेणीची जाळीदार पँट हा मी सुचवू शकेन असा प्रामाणिक मध्यममार्ग आहे. एक बारकावा इथे विसरू नये : ए श्रेणीसाठी गुडघ्याचे आर्मर आवश्यक असते, खुब्याचे मात्र ऐच्छिक असते. त्यामुळे अनेक पँट्सच्या खुब्याच्या खिशात नुसता स्पंजचा तुकडा घातलेला असतो. तो बाहेर काढून बोटांनी दाबून पाहावा. त्यावर मानकाचा क्रमांक नसेल आणि तो बोटांखाली पूर्ण चपटा होत असेल, तर तो काढून त्या जागी प्रमाणित आर्मर घालावे. ते सुटे मिळते आणि भारतीय कंपनीची जाळीदार पँट घेतल्यावर तुमच्या मर्यादेत तेवढे पैसे बहुधा उरतील. बाजूवर पडल्यावर पहिला मार खुब्याच्या बाहेर आलेल्या हाडाला बसतो, हे लक्षात घेता हा खर्च टाळू नये.

आर्मरवरची अक्षरे वाचायला शिकणेही अवघड नाही. त्याच्या पाठीवर इंग्रजी के म्हणजे गुडघा आणि एच म्हणजे खुबा अशी खूण असते. पुढे १ किंवा २ हा अंक असतो. चाचणीत आर्मरवर ५० जूल ऊर्जेचा, म्हणजे पाच किलोचे वजन सुमारे एक मीटरवरून पडावे एवढा आघात केला जातो. तो शोषून घेतल्यावर पलीकडे पोचणारा जोर सरासरी ३५ किलोन्यूटनपेक्षा कमी असेल तर लेव्हल १ आणि २० किलोन्यूटनपेक्षा कमी असेल तर लेव्हल २. हा फरक लहान नाही, म्हणून गुडघ्यासाठी लेव्हल २ चा आग्रह धरावा. ए आणि बी ही अक्षरे आकार दाखवतात; बी मोठे असते आणि जास्त भाग झाकते. पँटच्या श्रेणीतल्या ए शी याचा संबंध नाही. शेवटी टी आणि अधिकचे चिन्ह असेल तर ते आर्मर ४० अंश सेल्सिअसलाही तपासलेले आहे असे समजावे. आजची मऊ, वाकणारी आर्मर उष्णतेत आणखी मऊ पडू शकतात. उन्हात उभ्या केलेल्या गाडीवर आणि तापलेल्या रस्त्यावर वापरायची वस्तू घेताना ही खूण शोधण्याचे कष्ट अवश्य घ्यावेत.

एवढे सगळे कागदावर नीट जुळले तरी निर्णय शेवटी पँट अंगावर चढवल्यावरच करायचा आहे, आणि तोही दुकानातल्या आरशासमोर उभे राहून नव्हे. उभे असताना रायडिंग पँटचे आर्मर वाटीच्या थोडे खाली दिसते आणि ते तसेच असायला हवे, कारण बसल्यावर कापड मांडीकडे ओढले जाऊन आर्मर वर सरकते. म्हणून स्वतःच्या मोटारसायकलवर, आणि तिथे गाडी नेणे शक्य नसेल तर खुर्चीवर पाय फुटरेस्टच्या कोनात ठेवून बसावे. आर्मरचा मध्य वाटीवर आला पाहिजे आणि त्याची खालची कड नडगीवर चार बोटे तरी उतरली पाहिजे. मग तळहाताने आर्मर पकडून आधी बाहेरच्या आणि नंतर आतल्या बाजूला जोर लावून ढकलावे. कड वाटीवरून सरकत असेल, तर रस्त्यावर ती याहून कितीतरी सहज सरकेल. त्यानंतर जमिनीवर दोन्ही गुडघे टेकून हातभर पुढे रांगावे. दुकानात हे करायला संकोच वाटेल, पण वाटीचे हाड थेट फरशीला लागते की आर्मरवर टेकते हे या एका कृतीतून जसे कळते तसे दुसऱ्या कशानेही कळत नाही. खुब्याचे आर्मर खिशाकडे पुढे आलेले नसावे. बाजूला हात लावल्यावर जे टोकदार हाड लागते, त्यावरच ते असावे. बसल्यावर पँटची खालची कड घोट्याच्या वर चढत असेल तर लांबी कमी आहे. गुडघ्याच्या वर ताणली जाणारी चुणीदार पट्टी असेल तर पाय वाकवताना कापड कमी ओढले जाते, म्हणून अशी पँट पसंत करावी. ऑनलाइन घेणार असाल तर बदलून देण्याची अट आधी वाचावी आणि लेबल न काढता हे सारे घरी करून पाहावे.

पुरुषांच्या मापाची अडचण तुम्ही लिहिली आहे ती खरी आहे, आणि तिची गाठ याच गुडघ्यापाशी आहे. बायका बहुधा कंबरेच्या मापाने पँट पाहतात आणि मग ती नितंबांवर अडते. नितंबांच्या मापाने पुरुषी पँट घेतली तर ती कंबरेला सैल आणि पायांत लांब होते. कंबर पट्ट्यांनी आवळता येते, तो प्रश्न छोटा आहे. लांबीसाठी मात्र आपण सवयीने खालून चार बोटे कापून घेतो, आणि तिथेच चूक होते, कारण खालून कापल्याने गुडघ्याचा खिसा जिथे होता तिथेच, म्हणजे नडगीवर, राहतो. त्यामुळे आधी स्त्रियांच्या मापाच्या पँट्स शोधाव्यात. रायनॉक्स, व्हायाटेरा, सोलेस, रायडा, रॉयल एनफिल्ड या कंपन्यांच्या मापांचे तक्ते पाहून त्यांतल्या कुणाकडे तुमच्या नितंबांचे आणि मांडीचे माप बसते ते तपासावे. तसे न जमल्यास गुडघ्याचा आतला खिसा वेल्क्रोने खाली-वर करता येतो अशी पुरुषी पँट चालेल. तीही न मिळाल्यास चांगल्या शिंप्याकडून तो खिसा उसवून वर लावून घेता येतो. टाके फक्त आतल्या अस्तरात घालावेत, बाहेरच्या कापडाला सुई लागू देऊ नये आणि मुख्य शिवणींना हात लावू देऊ नये, एवढे त्यांना बजावून सांगावे. जाळीच्या पँटचा बाहेरचा थर आणि आत घट्ट बांधलेले नीगार्ड, हा शेवटचा मार्गही वाईट नाही.

पँटच्या आत सुती लेगिंगपेक्षा घाम लवकर वाळवणारी पातळ लेगिंग बरी. सुती कापड घाम धरून ठेवते आणि ओले होऊन मांडीला चिकटते. सलवार आत कोंबू नये, तिच्या चुण्या गुडघ्यामागे गोळा होऊन टोचतात. लांब कुर्ता पँटच्या आत खोचावा आणि ओढणी पिशवीत ठेवावी. पोटरीच्या आतल्या बाजूला, विशेषतः सायलेन्सरच्या बाजूच्या पायाला, चामड्याची किंवा उष्णता सोसणाऱ्या कापडाची पट्टी आहे का तेही पाहून घ्यावे. नायलॉन आणि पॉलिएस्टर गरम सायलेन्सरला टेकले की वितळते.

पावसाळ्यासाठी अनेक पँट्सबरोबर आतून लावायचे जलरोधक अस्तर मिळते. ते लावले की आपण कोरडे राहतो, पण बाहेरची पँट भिजून जड होते आणि कामाच्या ठिकाणी ती वाळत घालायला जागा नसते. म्हणून तुमच्यासाठी वरून चढवायची रेनपँट अधिक सोयीची. तिची खालची कड आवळता येणारी हवी. सैल फडफडणारी कड साखळीत किंवा फुटरेस्टमध्ये अडकते. उसाच्या हंगामात ट्रॉल्यांमधून सांडलेला ऊस आणि चाकांबरोबर रस्त्यावर आलेली माती यांवरून गाड्या घसरतात हे तुम्हाला मी सांगायला नको. त्या काही महिन्यांत हवा थंड असते, तेव्हा पँट अंगावर न घालण्याला उकाड्याची सबबही उरत नाही.

धुताना सर्व आर्मर काढून ठेवावे, थंड पाण्यात सौम्य साबणाने हाताने धुवावे आणि सावलीत वाळवावे. कडक ऊन अरामिड धाग्यांना कमकुवत करते. इस्त्री करू नये. पँट एकदा रस्त्यावर घासली गेली असेल, तर तो भाग वरून ठीक दिसला तरी पुन्हा तेवढीच झीज सोसेल असे धरून चालू नये.

आईंच्या शंकेचा आदर ठेवून सांगतो, की लेग गार्ड गाडीच्या टाकीला आणि इंजिनाला वाचवते, पायाला वाचवेलच असे नाही. अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या पथकाने कॅलिफोर्नियातल्या सुमारे ९०० मोटारसायकल अपघातांची घटनास्थळी जाऊन पाहणी केली. त्यांचा अहवाल १९८१ मध्ये आला. अशा दांड्यांमुळे घोट्याच्या आणि पावलाच्या इजा कमी होतात, पण मांडी, गुडघा आणि नडगीच्या इजा तेवढ्याच वाढतात, असे त्यात आढळले. गार्ड काढून टाका असे मी म्हणत नाही, फक्त त्याला पँटचा पर्याय मानू नये. त्याचबरोबर पँटकडूनही अशक्य अपेक्षा ठेवू नये. पाय गाडीखाली पिरगळला किंवा दुसऱ्या वाहनाने चिरडला, तर मांडीचे हाड वाचवणारी पँट अजून कोणी शिवलेली नाही. खरचटणे, सोलपटणे, वाटीला मार बसणे, खुब्याला ठेचकाळणे या रोजच्या अपघातांतल्या इजा ती कमी करते, आणि सहसा माणसे याच इजांनी कित्येक आठवडे घरी बसतात. घोटा मात्र तिच्या कक्षेबाहेर आहे. घोटा झाकणारे, लेस किंवा पट्टीने घट्ट बसणारे बूट पँटबरोबर लगेच घेता आले नाहीत, तरी सँडल आणि चप्पल आजच बंद करावी.

रविवारी मागे बसणाऱ्या आईंचा उल्लेख तुम्ही जाता जाता केला आहे, पण मला त्यांची काळजी अधिक वाटते. एका बाजूला पाय सोडून बसलेल्या व्यक्तीचा तोल सांभाळणे चालकाला अवघड जाते आणि पडताना तिला सावरायला काहीच नसते. त्यात पदर किंवा निऱ्या मागच्या चाकात गेल्या तर काय होते ते आपण सर्वांनी ऐकलेले आहे. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागचे चाक किमान अर्धे झाकणारे आवरण, हाताला धरायला आधार आणि पायांना फुटरेस्ट असावे असे केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम सांगतो. तुमच्या गाडीचा साडीगार्ड दिसायला बरे म्हणून काढला असेल, तर या आठवड्यात तो परत बसवून घ्यावा. आईंना सलवार घालून दोन्ही बाजूंना पाय टाकून बसायला राजी करता आले तर सर्वांत चांगले. सलवारीच्या आत पट्ट्यांचे नीगार्ड सहज मावतात आणि बाहेरून दिसतही नाहीत. त्यांच्या वयात गुडघ्याचा मार भरून यायला अधिक काळ लागतो, म्हणून हे गार्ड त्यांच्या मापाचे वेगळे घ्यावेत. तुमचे त्यांना देऊ नयेत. दुकानात गुडघ्याच्या वर आणि खाली असे दोन घेर टेपने मोजून मागावेत, आणि पट्टी बांधल्यावर पोटरीला मुंग्या येत नाहीत ना, हे त्यांना दहा मिनिटे बसवून पाहूनच पैसे द्यावेत.